विंडस्क्रीनच्या नावाखाली माझे ११,०५० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

आकडा आधीच सांगतो, कारण ऐकणारा प्रत्येक जण तेच विचारतो. ११,०५० रुपये. बाइकची पुढची काच, म्हणजे विंडस्क्रीन, ऑनलाइन मागवली, त्यात गेले. पहिले ८,२००, मग २,४६०, आणि शेवटी दारात कुरिअरवाल्याच्या हातात रोख ३९०. तिन्ही वेळा मीच दिले. कुणी फोन हॅक केला नाही की ओटीपी मागितला नाही. हे लिहिताना लाज वाटते. दोन महिने घराबाहेर कुणाला बोललो नव्हतो. पण गेल्या आठवड्यात कंपनीतला एक पोरगा तोच व्हिडिओ घेऊन माझ्याकडे आला, "सर, ही काच बघा, घेऊ का?" म्हणून. मग मला गप्प बसवेना.

मी साताऱ्याहून शिरवळला रोज बाइकने जातो. जाताना खंबाटकीचा बोगदा, येताना घाट. गाडी उंच, पुढची काच जेमतेम छातीपर्यंत. ८० च्या पुढे गेलं की काचेवरून वर उडालेला वारा नेमका हेल्मेटवर आदळतो. नुसता आवाज असता तर सोसला असता. पण डोकं दोन्ही हातांत धरून कुणी गदागदा हलवावं तसं होतं, मान आखडते, समोरच्या पाटीवरची अक्षरं थरथरतात. घरी आल्यावर अर्धा तास कानात घूं चालूच. हिने स्वयंपाकघरातून दोनदा हाक मारली तरी कळत नसे. ताशी १०० च्या वेगाला हेल्मेटच्या आतला आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. तो रोज तास-दीड तास ऐकला तर कान जाऊ शकतात, आणि गेलेले कान परत येत नाहीत. तेव्हा हे हौसेचं सामान होतं, असं कुणी म्हणू नये.

काच विकणारं ते ऑनलाइन पेज नीटनेटकं होतं. चाळीस हजार फॉलोअर, प्रत्येक मॉडेलसाठी वेगळी काच, पाच पोझिशनमध्ये वर-खाली होणारी, "इम्पोर्टेड पॉलिकार्बोनेट", म्हणजे चिवट प्लास्टिक. आणि तो व्हिडिओ. हेल्मेटवर आणि काचेच्या कडेला लाल लोकरीचे तुकडे चिकटवलेले. जुन्या काचेवर ते वेड्यासारखे फडफडतात, नवीन काच लावली की शांत पडून राहतात. वारा कुठून कसा जातो हे बघायची ही खरी पद्धत आहे, म्हणूनच मी अडकलो. मेंटेनन्समध्ये बावीस वर्षं काढली आहेत, काम कळणारा माणूस दाखवतोय असं वाटलं. अख्ख्या व्हिडिओत स्पीडोमीटर एकदाही दिसत नाही, हे मात्र पैसे गेल्यावर दिसलं. दुसऱ्या भागात गाडी ३० नेच चालली असेल, कुणाला ठाऊक. कमेंटही बंद होत्या. त्या बंद असल्या की तिथून पुढे जाऊच नका.

आता तो क्षण सांगतो, जो मला अजून रात्री आठवतो. क्यूआर स्कॅन केला, ८,२०० टाकले, पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव आलं. दुकानाचं नव्हतं. एका बाईंचं, नाव आणि आडनाव. मी थांबलो. खरंच थांबलो. अंगठा वर धरून मेसेज केला, "हे नाव वेगळं का दाखवतंय?" अर्ध्या मिनिटात उत्तर, "दादा, मिसेसचं अकाउंट आहे, करंट अकाउंटला लिमिट लागलीये." आणि मी पिन टाकला.

इतकंच घडलं. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचा क्यूआरही त्याच्या मुलाच्या नावावर आहे आणि दूधवाल्याचा भावाच्या. रोज दहा वेळा दुसऱ्याच्याच नावावर पैसे पाठवायची सवय लागलेली, त्यामुळे मनातली शंका तिथल्या तिथे विझली. पण किराणावाला उद्याही कोपऱ्यावरच असतो, आणि हा माणूस कुठे असतो हे मला माहीत नव्हतं. एवढा साधा फरक त्या अर्ध्या मिनिटात सुचला नाही. नाव जुळत नसेल तर पिन टाकू नका, कारण कितीही पटणारं असलं तरी.

आठ दिवसांनी "माल कस्टममध्ये अडकलाय, २,४६० भरावे लागतील, बिलात वजा करून परत मिळतील." इथे तरी थांबायला हवं होतं. पण ८,२०० आधीच तिकडे होते आणि न भरल्यास माल परत जाईल, पैसे बुडतील असं त्याने सांगितलं. गेलेले पैसे वाचवायला आणखी पैसे टाकले. तुम्हाला हा प्रकार ठाऊक आहे, मलाही ठाऊक होता. कस्टमची ड्युटी कुणाच्या मिसेसच्या खात्यावर भरत नाहीत.

मग खोका आला, वर ३९० रुपये कुरिअरचे. फसवायचंच होतं तर काही पाठवलंच कशाला, असं सगळे विचारतात. पाठवलं म्हणूनच तर तो सुटला. "माल पोचला" अशी नोंद झाली. आत काळसर अॅक्रिलिकची काच, कडा हाताला लागणाऱ्या, वर-खाली करायची यंत्रणा नाही, आणि पट्ट्यांची भोकं माझ्या गाडीला अर्ध्या इंचाने चुकलेली. खोका उघडतानाचा व्हिडिओ मी काढला नाही. तुम्ही काढा, सील तोडायच्या आधीपासून, पत्त्याच्या चिठ्ठीसकट.

गॅरेजवाल्याने भोकं वाढवून ती कशीबशी बसवली. भुईंजच्या पुढे ८५ ला शिट्टी सुरू झाली, काच थरथरायला लागली आणि वाऱ्याचा मारा आधीपेक्षा वाईट. काच उंच झाल्यामुळे तिची कड थेट डोळ्यांसमोर आली, आणि कडेवरून सुटलेले भोवरे आता कपाळावर. तिसऱ्या दिवशी डाव्या बोल्टच्या भोकापासून तडा गेला, बोटभर लांब. पॉलिकार्बोनेट वाकतं, अॅक्रिलिक तडकतं. त्या वेगात तुकडा छातीवर आला असता तर आज पैशांचं रडगाणं गायला मी नसतो.

मी पेजवाल्याला फोटो पाठवला. मला ब्लॉक केलं.

आता ज्यांचं काम मदत करायचं, त्यांचं ऐका. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. तक्रार घेतली, क्रमांक दिला, आणि सांगितलं की तीन आठवडे झालेत, खात्यात पैसे उरले असण्याची शक्यता कमी. मान्य, उशीर माझा. पण माल येईपर्यंत फसलोय हे कळणार कसं? बँकेत गेलो तर काउंटरवरची बाई मान वर न करता म्हणाली, "पिन तुम्हीच टाकलाय ना?" दुसऱ्या दिवशी मॅनेजर. त्यांनी अर्ज घेतला, पोच द्यायला नकार. मी हटलो नाही तेव्हा शिक्का मिळाला. पोलीस स्टेशनला तीन फेऱ्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तात. दुसऱ्यांदा, "माल मिळालाय ना, मग हे दिवाणी, ग्राहक कोर्टात जा." तिसऱ्यांदा, "खातं परराज्यातलं आहे, आमच्या हद्दीत येत नाही." अहो, १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, माहिती नोंदवून घ्यायची. मी छापील कागद पुढे ठेवला. हवालदार म्हणाला, "काका, अकरा हजारासाठी एवढं?" होय, अकरा हजारासाठीच. माझ्यासारख्या किती जणांचे अकरा अकरा हजार तिकडे जमले असतील, ते मोजायचं काम कुणाचं?

१९१५ ला, ग्राहक हेल्पलाइनला, विक्रेत्याचा पत्ता मागितला. पत्ता असता तर मीच गेलो असतो. ऑनलाइन विकणाऱ्याने स्वतःचं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकारी दाखवलाच पाहिजे, असं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. पेजवर यातलं काही नसेल तर तुमची शोधाशोध तिथेच संपली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला ग्राहक आयोगात फी नाही आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. पण नोटीस पाठवायची कुणाला?

आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं, ते काम शेवटी १६० रुपयांत झालं. आमच्या गॅरेजवाल्याने जुनीच काच परत लावली, पण बोल्टमागे २० मिलिमीटरचे चार स्पेसर, म्हणजे अंतर ठेवणारे तुकडे, घालून पुढे सरकवली. काचेच्या मागे हवेचा दाब कमी होतो, पोकळी तयार होते, आणि वरून जाणारा वारा त्या पोकळीत कोसळतो म्हणून डोकं हलतं. खालून फट ठेवली की थोडी हवा आत येऊन पोकळी भरते. आवाज पूर्ण गेला नाही, पण थरथर निम्म्यावर आली. उरलेल्यासाठी फोमचे इअरप्लग, मेडिकलमध्ये मिळतात. बराचसा आवाज हेल्मेटच्या खालच्या कडेला, मानेपाशीच तयार होतो, तो काच पूर्ण अडवत नाही.

कुठलीही काच विकत घ्यायच्या आधी मोकळ्या सरळ रस्त्यावर एकदा पेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, थोडं उभं राहा, मग टाकीकडे थोडं वाका. वाकल्यावर शांत वाटलं तर उंच काच लागेल. उभं राहिल्यावर शांत वाटलं तर आहे तीच कमी करावी लागेल. मी ही चाचणी केली असती तर कळलं असतं की मला उंच काच नकोच होती. आणि काच हातात घेऊन, गाडीला लावून बघता येईल अशा दुकानातूनच घ्या, दोनशे रुपये जास्त गेले तरी.

तडा गेलेली काच माळ्यावर ठेवली आहे, पुरावा म्हणून. तक्रारीची स्थिती आज सकाळी पुन्हा पाहिली, "प्रक्रियेत". ते पेज आता दुसऱ्या नावाने सुरू आहे. व्हिडिओ तोच, लाल लोकर तीच, किंमत ७,४९९.