तबल्याचा हात: गुरुजींसमोर की मोबाईलसमोर?

गुरुजींसमोर बसून शिकणं आणि मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकणं, यातला फरक ‘ना’ या बोलावरच कळतो. अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला नुसती टेकलेली, मधलं बोट वर, तर्जनीचा घाव चाटेवर (काठाच्या पट्टीवर) आणि बोट लगेच मागे. अनामिका दाबली की नाद मरतो. उचलली गेली की सगळं पानच (वरचं चामडंच) घुमतं, ‘ना’ सुटत नाही. व्हिडिओत बोटं दिसतात, दाब दिसत नाही. गुरुजी मात्र पाठमोरे असले तरी आवाजावरून ओळखतात आणि बोट धरून जागेवर ठेवतात. म्हणून पहिले सहा महिने तरी समोर बसूनच शिकावं.

डाव्या हाताच्या डग्ग्याचं तर विचारूच नका. त्याच्या ‘गे’ या बोलाची घुमक मोबाईलच्या स्पीकरमधून धड येतच नाही, निदान हेडफोन लावा.

व्हिडिओचा फायदा एकच, पण मोठा: ‘तिरकिट’ निम्म्या वेगाने वीस वेळा बघता येतं. गुरुजी सहाव्यांदा चिडतील.

शिवाय कोल्हापूरचा पाऊस. ओल धरली की पान सैल पडतं, स्वर उतरतो. घरी एकटा शिकणारा जोर वाढवतो आणि खांदा आखडून घेतो. शिकवणीत गजऱ्यावर (पानाच्या कडेच्या वेणीवर) हातोडीचे चार ठोके पडतात, की झालं.