डायब्लो ३ मधली डेमन हंटर: काही महिने खेळल्यावर

डायब्लो ३ या राक्षस मारत पुढे जायच्या व्हिडिओ गेममध्ये डेमन हंटर म्हणजे लांबून बाण मारायचे आणि सुखरूप राहायचे, अशी या क्लासची, म्हणजे पात्राच्या प्रकाराची, ख्याती आहे. काही महिने जवळपास रोज रात्री हाच क्लास खेळतोय, आणि मला ती ख्याती अर्धीच पटते. बाण मारणं इथलं सगळ्यात सोपं काम आहे. अवघड आहे ते अंतर राखणं, आणि मला हा क्लास आवडतो तो त्यासाठीच.

खेळ २०१२ चा आहे. २०१४ मध्ये 'रीपर ऑफ सोल्स' हा त्याचा विस्तार आला आणि लेव्हलची मर्यादा ७० झाली. मी पीसीवर खेळतो, माऊस-कीबोर्डने. कथा एकदा पूर्ण झाली की खरा खेळ रिफ्ट (दर वेळी नव्याने बनणाऱ्या, राक्षसांनी भरलेल्या जागा) आणि ग्रेटर रिफ्टमध्येच (त्यांची अवघड, घड्याळ लावलेली आवृत्ती) चालतो.

बाकीच्या क्लासना एकच रिसोर्स, म्हणजे कौशल्यं वापरताना खर्च होणारी शक्ती, असतो, डेमन हंटरला दोन. खालच्या गोळ्याचा लाल भाग हेट्रेडचा, निळा डिसिप्लिनचा. हेट्रेड १२५ असतं आणि हंगरिंग ॲरोसारखे साधे बाण मारत राहिलं की भराभर भरतं. एकदम बाणांचा सडा टाकणाऱ्या मल्टीशॉटला २५ लागतं, ते उधळायला काही वाटत नाही. डिसिप्लिनचं गणित मात्र वेगळं. ते मुळात ३० आणि भरतं सेकंदाला १ या गतीने. घेरातून उडी मारून निसटायचं व्हॉल्ट प्रत्येक वेळी ८ खातं. घाईघाईत तीन व्हॉल्ट मारले की हाती ६ उरतात, म्हणजे चौथ्यासाठी थांबावं लागतं, आणि नेमक्या त्या वेळात एलीट पॅक, म्हणजे जास्त ताकदवान राक्षसांची टोळी, अंगावर येतो. प्रिपरेशन या कौशल्याने डिसिप्लिन एकदम भरतं, पण त्याचा कूलडाऊन, म्हणजे पुन्हा वापरता येईपर्यंतचा वेळ, ४५ सेकंदांचा. कबड्डीत चढाई करणाऱ्याची नजर जशी सतत मध्यरेषेकडे असते, तशी माझी आता त्या निळ्या भागाकडे असते. राक्षसाचं आयुष्य किती उरलंय ते नंतर बघतो.

नव्याने सुरू करणाऱ्यांना एक सांगणं. माऊसचं डावं बटण हल्ल्यालाही आहे आणि चालण्यालाही. क्लिक राक्षसाऐवजी जमिनीवर पडला की आपली हंटर धनुष्य घेऊन सरळ गर्दीत चालत जाते. जवळून लढणाऱ्या बार्बेरियनला याने फरक पडत नाही, आपला मात्र जीव जातो. शिफ्ट दाबून धरली की ती जागेवर उभी राहून मारते. ही सवय पहिल्या अ‍ॅक्टमध्येच लावून घ्या, वाटलं तर ती कळ बदलून अंगठ्याखाली आणा.

लांब उभं राहणाऱ्यालाही खेळ सुखाने जगू देत नाही, हे मला या रचनेतलं सगळ्यात मोठं कौशल्य वाटतं. व्होर्टेक्सवाले एलीट तुम्हाला ओढून आपल्या पायाशी आणतात. जेलर जागीच जखडतो. वॉलर मध्ये भिंती उभ्या करतो आणि बाण त्यांवर आपटतात. मॉर्टरचे गोळे तर फक्त लांबच्यांवरच पडतात, त्यामुळे तिथे चक्क पुढे जावं लागतं. तिसऱ्या अ‍ॅक्टमधला घोम हा माझा आवडता बॉस. विषारी वायूचे ढग खोलीत साठत जातात आणि पळायची जागा घटत जाते. लांबून मारणाऱ्याची खरी परीक्षा तिथे होते.

सेटपैकी, म्हणजे एकत्र घातल्यावर बोनस देणाऱ्या चिलखताच्या संचांपैकी, मी सर्वाधिक वापरला तो अनहॅलोड इसेन्स. दहा यार्डांच्या आत शत्रू नसेल तर त्याचा चार तुकड्यांचा बोनस मिळतो, आणि सहा तुकड्यांचा बोनस डिसिप्लिनशी बांधलेला आहे. म्हणजे क्लासचा सगळा स्वभावच त्या चिलखतात उतरलाय. जोडीला यांग्ज रिकर्व्ह धनुष्य आणि डेड मॅन्स लेगसी हा भाता मिळाला की मल्टीशॉट स्क्रीनभर पसरतो आणि ग्रेटर रिफ्टचं पंधरा मिनिटांचं घड्याळ एकदाचं आवाक्यात येतं. मात्र सेट पूर्ण होईपर्यंतचा काळ कंटाळवाणा आहे, हेही खरं. मनासारखं धनुष्य पडायला फार वाट बघावी लागते. सीझनमध्ये (ठरावीक काळाच्या, नव्या पात्राने सुरू करायच्या फेरीत) खेळलात तर 'हेड्रिग्ज गिफ्ट' या बक्षिसातून एक अख्खा सेट मिळतो. कोणता ते सीझनवर ठरतं, पण सुरुवातीची ओढाताण त्याने खूप कमी होते.

मरॉडर सेटही काही आठवडे घातला. त्यात सेंट्री, म्हणजे जमिनीत रोवलेले यांत्रिक बुरूज, आपल्यासोबत बाण मारतात. बघायला सुंदर, पण बुरूज मांडा, पुढे जा, पुन्हा मांडा, या चक्राने माझी लय तुटते. शॅडोज मँटल वापरायचा तर हातात जवळून मारायचं शस्त्र लागतं. इम्पेल, म्हणजे सुरी फेकून मारायचं कौशल्य, भयंकर जोरात बसतं आणि एकट्या बॉससमोर त्या सेटची ताकद निर्विवाद आहे. तरी खंजीर घेऊन फिरायचं तर मी डेमन हंटर का निवडावी, हा प्रश्न काही सुटत नाही.

सोबती म्हणून सुरुवातीला टेम्प्लर घ्या. तो पुढे उभा राहून मार खातो, तुम्हालाही थोडं बरं करतो. हार्डकोअरमध्ये मात्र, जिथे मेलं की पात्र कायमचं जातं, व्हॉल्ट आणि स्मोक स्क्रीन (क्षणभर अदृश्य करणारं कौशल्य) विचार न करता हाताला येईपर्यंत हा क्लास नेऊ नका.