आईसाठी घेतलेला जुन्या गाण्यांचा प्लेयर: गणपतीपासून आतापर्यंत

गेल्या गणपतीत आईसाठी हजारो जुनी हिंदी गाणी भरलेला प्लेयर घेतला. कंपनीचं नाव देत नाही. असे डबे आता बरेच मिळतात आणि गुणदोष थोड्याफार फरकाने तेच. इंटरनेट लागत नाही, पासवर्ड नाही, नॉब फिरवला की गाणं सुरू. आईच्या दृष्टीने विषय इथेच संपला. फ्रिजवर ठेवलाय आणि कुकरची शिट्टी झाली तरी ऐकू येतो.

आवाजाबद्दल: गाणारा गळा छान समोर येतो, पण खर्ज उगाच फुगवलाय. १९५०च्या आसपासच्या ध्वनिमुद्रणात एवढा खर्ज नव्हताच, त्यामुळे ढोलक घुमतो आणि त्याखाली व्हायोलिनं दबतात. सेटिंगमध्ये जाऊन बेस पार खाली आणा, मग ऐका. बॅटरी सुरुवातीला दिवस काढायची, आता संध्याकाळी चार्जर शोधावा लागतो.

मी मात्र घेतला तो संगीतकारांच्या कप्प्यासाठी. एरवी आपण लताची, रफीची, किशोरची म्हणून गाणी ऐकतो. एकाच संगीतकाराची ओळीने ऐकली की त्याच्या खोडी कळायला लागतात. ओ. पी. नय्यर यांच्या कप्प्यात लताबाई सापडणारच नाहीत, नय्यर यांनी त्यांच्याकडून एकही गाणं गाऊन घेतलं नाही. आशाबाईंनी तो कप्पा भरून काढलाय. पण खरं सांगू? अर्ध्या तासानंतर नय्यर यांचा तो टांग्याचा, घोड्याच्या टापांसारखा ठेका डोक्यात जातो. रोशन किंवा मदनमोहन तासभर सहज चालतात. शंकर-जयकिशन यांच्याकडे व्हायोलिनांचा ताफा ऐकताना गोव्याच्या सेबॅस्टियन डिसोझांची आठवण होते. वाद्यमेळाची मांडणी त्यांची, पण प्लेयरच्या पडद्यावर संयोजकाचं नाव कुठेच येत नाही. निदान लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालजींनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूंची, अँथनी गोन्साल्विस यांची, आठवण १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’च्या ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ या गाण्यातच ठेवली. बाकीच्यांचं काय?

सगळ्यात जास्त वाजतो तो सी. रामचंद्रांचा कप्पा. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. ‘अलबेला’ (१९५१) आणि ‘आझाद’ (१९५५) मधली द्वंद्वगीतं लागली की पडद्यावर गायक म्हणून ‘चितळकर’ दिसतं, संगीतकार म्हणून ‘सी. रामचंद्र’. माणूस तोच, हे आमच्या कॉलेजातल्या भाचीला सांगितल्यावर तिने आधी गूगल केलं आणि मग विश्वास ठेवला. ‘आझाद’मधलं ‘कितना हसीं है मौसम’ ऐकून तर ती तलत महमूद समजली होती, आणि तिचं काही चुकलं नाही, चितळकरांनी आवाजच तसा लावलाय.

तक्रार इथेच आहे. ‘अनारकली’चं (१९५३) ‘ये ज़िंदगी उसी की है’ दोन भागांत आहे. प्लेयरमध्ये फक्त पहिला, आनंदाचा. भिंतीत चिणली जातानाचा दुसरा भाग गायब. असे अर्धवट तुकडे आणखीही आहेत. चित्रपटात असलेलं आणि तबकडीवर न मावलेलं कडवं तर विसराच.

दुसरी तक्रार मोठी. कप्पे फक्त बड्या नावांना. ‘दो आँखें बारह हाथ’ आणि ‘गुड्डी’चे वसंत देसाई ‘इतर’मध्ये. ‘धूल का फूल’चे एन. दत्ता ‘इतर’मध्ये. मुबारक बेगमचं ‘कभी तनहाइयों में यूँ’ देणारे स्नेहल भाटकर तिथेच, आणि ‘भाभी की चूड़ियाँ’चं (१९६१) ‘ज्योति कलश छलके’ करणारे आपले बाबूजी, सुधीर फडकेही तिथेच. त्या कप्प्यात सगळं उलटसुलट वाजतं, शोधायची सोय नाही. हिंदीत कमी चित्रपट केले म्हणून ही माणसं अडगळीत टाकायची? गाणी मोजून कप्पे ठरवले की असंच होणार.

घ्यावा का? घरात वडीलधारं कुणी असेल तर जरूर घ्या. संगीतकार ऐकायचे असतील तर प्लेयरला पेन ड्राइव्ह जोडता येते का, हे दुकानातच लावून बघा, काही मॉडेलांना ती सोय नसते. मी देसाई, भाटकर, दत्ता यांच्यासाठी वेगळी केली आहे. फाइलींच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे टाका, नाहीतर गाणी अक्षरांच्या क्रमाने लागतात. आणि हो, प्लेयर बंद केला की पुढच्या वेळी पेन ड्राइव्ह परत पहिल्या गाण्यापासून सुरू होते.