गुगलवर दुकान आमचं, फोन नंबर भलत्याचाच

ठाण्यात नौपाड्यात आमचं छोटंसं दुकान आहे, उकडीचे मोदक, पुरणपोळी आणि दिवाळीला फराळ. सतरा वर्षं झाली. ऑनलाइन जाहिरात करून देतो म्हणत आलेल्या दोन पोरांनी आमचं गुगलवरचं पानच कसं बळकावलं, हे सगळं लिहावं की नाही यावर घरात बरेच दिवस चाललं होतं, हे म्हणत होते कशाला चारचौघात, पण परवा आमच्याच गल्लीतल्या फॉल-पिको करणाऱ्या ताईंच्या दुकानात तसलीच दोन पोरं टॅब घेऊन बसलेली बघितली आणि ठरवलं की लिहायचंच.

आमचं गुगलवरचं पान भाच्याने २०१८ मध्ये करून दिलं होतं. फुकट. त्याला आता गुगल बिझनेस प्रोफाइल म्हणतात, २०२१ पर्यंत गुगल माय बिझनेस नाव होतं. लोक नकाशावर मोदक शोधतात, आमचं दुकान दिसतं, तिथूनच फोन लावतात. दोनशेच्या वर रिव्ह्यू होते आणि एकही मागून घेतलेला नाही, लोकांनी आपणहून लिहिलेले, कुणी कळ्यांचा फोटो टाकलेला, कुणी आजीला आवडले म्हणून चार ओळी लिहिलेल्या. माझ्यासाठी ती पुंजी होती. पण ती पुंजी नेमकी कुणाच्या हातात आहे हे मात्र मी कधी बघितलं नव्हतं.

जून २०२५ च्या सुरुवातीला दुपारच्या वेळेला दोन मुलं आली. गळ्यात आयकार्ड, त्यावर गुगलसारखे रंग. म्हणाले काकू, आम्ही गुगलकडून व्हेरिफिकेशनला आलोय, तुमचं लिस्टिंग लवकरच बंद पडेल. मी घाबरलेच. मग बसले, पाणी प्यायले, बोलता बोलता म्हणाले आम्ही पण मराठीच आहोत, मराठी माणूस धंद्यात मागे का पडतो तर ऑनलाइन नाही म्हणून. मला ते पटलं, खरं सांगते. पॅकेज सहा महिन्यांचं, ३६,००० अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे ४२,४८०. 'ठाण्यात मोदक' टाकलं की पहिला नंबर आपलाच, गॅरंटी. फेसबुक-इन्स्टाच्या जाहिरातीचं बजेट वेगळं, महिन्याला १०,०००, ते पण त्यांच्याच खात्यात भरायचं, पुढे कंपनीला आम्ही भरतो म्हणाले. २०,००० मी तिथल्या तिथे यूपीआयने दिले आणि बाकीचे ११,२४० चे दोन चेक पुढच्या तारखांचे.

इथे जरा थांबून सांगते कारण ही तीन वाक्यं तुमच्याकडेही येणारच आहेत. गुगलवर दुकान दिसायला पैसे लागत नाहीत, व्हेरिफिकेशनलाही लागत नाहीत, कुणी मागितले तर तो चोर. पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गुगलच सांगतं, नकाशावर कोण वर दिसणार हे शोधणारा माणूस कुठे उभा आहे, तो काय शोधतोय आणि दुकान किती नावाजलेलं आहे यावर ठरतं, म्हणजे मुलुंडच्या माणसाला वेगळं दिसेल, कळव्याच्या माणसाला वेगळं. आणि जाहिरातीचे पैसे एजन्सीच्या खात्यात कधीच द्यायचे नाहीत. जाहिरातीचं खातं आपल्या नावाने उघडायचं, कार्ड आपलं लावायचं, बिल सरळ आपल्याला येतं. एजन्सीला फक्त तिची मजुरी. हे मला ऐरोलीच्या भाचीने समजावलं, ती याच कामात आहे, पण मी तिला विचारलं कधी तर सगळं होऊन गेल्यावर.

खरी चोरी कशी झाली ते आता नीट वाचा. पहिल्याच दिवशी त्यातला एकजण म्हणाला काकू जरा फोन द्या, सेटिंग करतो. दहा मिनिटं माझा फोन त्याच्या हातात. मी समोर नारळ खोवत होते. त्याने आमच्या प्रोफाइलमध्ये स्वतःचा ईमेल मालक म्हणून टाकला. पण गुगलचा नियम असा आहे की नवीन माणूस जोडला की पहिले सात दिवस तो जुन्या मालकाला काढू शकत नाही की मुख्य मालक होऊ शकत नाही. म्हणून तो आठव्या दिवशी परत आला, 'फोटो काढायला'. मोदकांचे चार फोटो काढले, परत म्हणाला फोन द्या, आणि त्या दिवशी मुख्य मालकी स्वतःकडे करून घेतली आणि आमचा ईमेल काढून टाकला. गुगलने मेल पाठवले होते, दोन्ही वेळेला. मी तो जीमेल कधी उघडतच नाही. नंतर उघडला तेव्हा न वाचलेले चार हजार मेल होते आणि त्यात ते दोन.

मग दर सोमवारी व्हॉट्सॲपवर रिपोर्ट यायला लागले. रीच अडतीस हजार, रीच बावन्न हजार, बाजूला हिरवा बाण. मी ह्यांना दाखवायचे, बघा किती लोकांनी बघितलं. पण जून गेला, जुलै गेला, नवीन गिऱ्हाईक म्हणाल तर हाताच्या बोटांवर. जुलैच्या शेवटी भाची घरी आली होती, तिने ते स्क्रीनशॉट एकाशेजारी एक ठेवले. दोन वेगवेगळ्या सोमवारच्या स्क्रीनशॉटवर वर घड्याळात ३:४२ आणि बॅटरी ६१ टक्के. दोन्हीवर. फक्त मधला आकडा बदललेला. माझ्या पोटात गोळाच आला. मग तिने मेटा ॲड लायब्ररी म्हणून फेसबुक-इन्स्टाच्या कंपनीचीच एक साइट उघडली, ती कुणालाही उघडता येते, लॉगिन पण लागत नाही, तिथे पेजचं नाव टाकलं की त्या पेजची आत्ता चालू असलेली जाहिरात दिसते. आमच्या पेजची एकही नव्हती. माझे जाहिरातीचे दोन महिन्यांचे २०,००० कुठे गेले ते तिथेच कळलं. बिलावरचा जीएसटी नंबर तिने सरकारी पोर्टलवर टाकला, तो रद्द झालेला निघाला. म्हणजे माझ्याकडून घेतलेला तो १८ टक्के कर सरकारकडे जाणारच नव्हता.

रिव्ह्यूचं तर काय सांगू. त्यांनी महिन्याभरात पन्नास-साठ खोटे रिव्ह्यू टाकले होते, सगळे पाच स्टार. एकात लिहिलेलं की इथली बिर्याणी छान आहे. आमच्याकडे कांदा-लसूण पण नसतो हो. गुगलने नंतर त्यातले बरेच उडवले, पण ज्या गिऱ्हाइकांनी ते वाचले त्यांना काय वाटलं असेल या विचाराने मला अजून लाज वाटते.

एक चेक जुलैत वटला होता. दुसरा १० ऑगस्टचा होता, तो मी ८ तारखेला बँकेत जाऊन थांबवला आणि त्यांना फोन करून सांगितलं की काम बंद करा. तो मुलगा एकदम आवाज चढवून बोलायला लागला, काकू वगैरे सगळं गेलं, कलम १३८ ची केस टाकतो, कोर्टात फिराल. मी दोन रात्री झोपले नाही. मग ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की ते चेक न वटल्याचं कलम, त्याला आधी देणं कायदेशीर असावं लागतं, चेक परत आल्यावर ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, त्यानंतर तुम्हाला १५ दिवस मिळतात, व्हॉट्सॲपवर धमकी दिली म्हणजे केस झाली असं नसतं. नोटीस आजतागायत आलेली नाही. मला वाटलं संपलं, गेले ते पैसे गेले, गणपती तोंडावर आहेत, कामाला लागूया.

आणि इथेच मोठी चूक झाली, गुगलचं पान मी तपासलंच नाही. त्यांनी जुलैतच तिथला नंबर बदलला होता. आमच्या मोबाइल नंबरच्या जागी त्यांचा, आणि त्यावरून कॉल माझ्याकडे फॉरवर्ड, त्यामुळे मला फोन येतच होते आणि काही कळायचं कारणच नव्हतं. चेक थांबवला आणि फॉरवर्ड बंद झालं.

२६ ऑगस्टला, चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी, घंटाळीच्या एक काकू आल्या, सत्तरीच्या पुढच्या, दर वर्षी २१ मोदक नेतात. म्हणाल्या अगं उद्याचे सकाळी आठला तयार ठेव, पैसे भरलेत मी. मी वही उघडली, नाव नाही. म्हटलं काकू कधी भरलेत? त्यांनी पर्समधून फोन काढला, डोळ्याला चष्मा लावला आणि दाखवलं, ७३५ रुपये, नाव कुणा तिसऱ्याच माणसाचं. म्हणाल्या मागच्या वर्षीचा कागद हरवला म्हणून नातवाने गुगलवरून नंबर काढून दिला, फोनवर मुलगा होता, मला वाटलं तुझा भाचा असेल. मी त्यांच्यासमोरच माझ्या फोनवर आमचं दुकान शोधलं. नाव आमचं, फोटो आमचा, माझ्या हातचे मोदक. नंबर दुसरा.

दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपासून आम्ही सातजणी कामाला लागलो होतो. ज्यांनी उकड काढली आहे त्यांना माहीत आहे, ती गरम असतानाच मळावी लागते, गार झाली की पारीला चिरा पडतात, फोन घ्यायला हात मोकळा नसतो. सहा वाजल्यापासून दारात लोक. त्यात एकामागोमाग एक स्क्रीनशॉट घेऊन आलेले. एक कॉलेजमधला मुलगा आला, आईने पाठवलेला, ३१ मोदकांचे १,०८५ भरलेले. घरी गणपती बसलेले, नैवेद्य व्हायचा, आणि तो म्हणतोय काकू पैसे तर दिलेत ना. त्याला काय सांगू? काहीजण चिडले, एक बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या की तुम्हीच दोन नंबर ठेवता आणि वर नाही म्हणता. सतरा वर्षांत कुणी असं बोललं नव्हतं. दुपारपर्यंत नऊजण असे आले. शक्य होतं त्या सगळ्यांना मोदक दिले, पैसे न घेता, त्या वर्षी नारळ किती महाग होता ते आठवत असेल तुम्हाला. दोघांना नाही देता आले, संपले होते. आणि ज्यांनी फोन लावून फक्त पैसे भरले आणि नंतर वैतागून आलेच नाहीत ते किती असतील देवाला माहीत. २०२४ ला त्या दोन दिवसांत आमचे तीन हजारांच्या वर मोदक गेले होते, या वेळेला दोन हजार पण झाले नाहीत, आणि त्या दोन दिवसांवर आमचं चार महिन्यांचं भाडं निघतं.

१९३० वर फोन केला. सायबर फसवणुकीचा हा सरकारी नंबर आहे, लक्षात ठेवा, जितक्या लवकर लावाल तितकी समोरच्याच्या खात्यातले पैसे अडवले जायची शक्यता जास्त. मला तिथे कळलं की ज्याचे पैसे गेले त्याने स्वतः तक्रार करायला हवी, व्यवहाराचा नंबर त्याच्याकडे असतो. मग मी त्या नऊजणांना एकेक करून फोन केला, घंटाळीच्या काकूंच्या शेजारी बसून सायबरक्राइमच्या पोर्टलवर त्यांची तक्रार मी स्वतः भरली. माझी तक्रार वेगळी दिली, माझे एकूण ५१,२४०. मी ती जूनमध्ये द्यायला हवी होती, निदान जुलैमध्ये तरी.

प्रोफाइल परत मिळवायला ऑक्टोबर उजाडला. गुगलवर आपल्याच दुकानावर जाऊन मालकी मागायची असते, सध्या ज्याच्याकडे आहे त्याला उत्तर द्यायला तीन दिवस असतात. त्याने नकार दिला. मग अपील, त्यात गुमास्ता, लाइट बिल, पाटीचा फोटो. शेवटी व्हिडिओ मागितला, रस्त्यापासून सुरू करून दुकानाची पाटी दाखवायची, कुलूप आपल्या हाताने उघडायचं, आत जाऊन भांडी-सामान दाखवायचं. भाचीने शूटिंग केलं. सतरा वर्षं जे शटर रोज उघडते ते उघडताना माझा हात थरथरत होता, हे दुकान माझं आहे हे मला सिद्ध करावं लागत होतं म्हणून.

तुम्ही एवढं करा. प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये People and access असं दिसतं, तिथे मुख्य मालक म्हणून कुणाचा ईमेल आहे ते बघा. दुसऱ्याला काम द्यायचंच असेल तर मॅनेजर करा, मालक नाही, आणि ते तुमच्या हाताने करा, फोन देऊन नाही. वेबसाइट बनवून घेत असाल तर डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कुणाच्या नावावर घेतलं तेही विचारा, माझ्या ओळखीच्या वाशीच्या एका केटरिंगवाल्याचं डोमेन एजन्सीच्या नावावर निघालं आणि रिन्यूअलला त्याच्याकडून वाट्टेल ते पैसे मागितले. आणि महिन्यातून एकदा दुसऱ्याच्या फोनवरून स्वतःचं दुकान शोधून त्या नंबरवर कॉल करा. फोन वाजला म्हणजे झालं असं नाही, मी सांगितलं ना, माझा पण वाजतच होता, नंबर वाचून बघा.

सगळेच एजन्सीवाले असे नसतात, माझी भाचीच त्यात आहे आणि ती रात्री अकरापर्यंत लोकांची कामं प्रामाणिकपणे करते. तिने आता मला व्हॉट्सॲप बिझनेस लावून दिलंय, तेही फुकटच, त्यात भावासकट सगळी यादी आहे, जुन्या गिऱ्हाइकांना संकष्टीच्या दोन दिवस आधी मेसेज जातो, आणि त्या मेसेजवर जितक्या ऑर्डरी येतात तितक्या त्या रीच बावन्न हजारवर कधी आल्या नाहीत.

फॉल-पिकोवाल्या ताईंना मी त्याच दिवशी जाऊन सांगितलं. पोरं गेली होती. त्यांनी ५,००० ॲडव्हान्स दिला होता, पण फोन दिला नव्हता, चार्जिंगला लावला होता म्हणून. त्यांच्या फोनवर आम्ही दोघींनी मालक तपासला, अजून त्याच होत्या. मग १९३० लावला, तासही झाला नव्हता पैसे जाऊन.