नर्सरीतला ‘लकी शॅमरॉक’ घ्यावा का? धुळ्याच्या उन्हात एक वर्ष सांभाळून सांगते

भाची डब्लिनला शिकायला आहे, मागच्या वर्षी १७ मार्चला तिने आयर्लंडच्या सणाच्या, सेंट पॅट्रिक्स डेच्या मिरवणुकीतून व्हिडिओ कॉल केला, जो तो हिरव्या कपड्यांत, कोणी कोटाला शॅमरॉकची खरी पानं टोचून फिरतंय, ते बघून मलाही ते पान घरात पाहिजेच असं झालं. रविवारी नर्सरीतून १५० रुपयांना रोप आणलं, पाटीवर ‘लकी शॅमरॉक’ आणि शेजारी चार पानांचं चित्र.

तर पहिली गोष्ट, हा शॅमरॉक नाहीये. खरा शॅमरॉक म्हणजे क्लोव्हर, आयरिशमध्ये शॅमरोग म्हणजे बारका क्लोव्हर, आपण जनावरांना घालतो त्या बरसीमचा भाऊबंद. मी आणलेला हा जांभळा ऑक्झॅलिस, मूळचा दक्षिण अमेरिकेचा. आईने कुंडी बघितली, एक पान तोडून चघळलं आणि म्हणाली, “हाई ते आंबुशी शे!” आणि खरंच, शेतातली आंबट आंबुशी आणि हा एकाच कुळातले निघाले. (मांजर असेल तर उंचावर ठेवा, यात ऑक्झॅलेट असतं, जास्त खाल्लं तर त्रास होतो.)

चित्रही चुकीचंच. शॅमरॉक तीन पानांचा, पाचव्या शतकातल्या सेंट पॅट्रिकने त्यावरून ख्रिस्ती धर्मातले पिता, पुत्र, पवित्र आत्मा तीन असून एकच कसे ते समजावलं अशी कथा सांगतात. आईला सांगितलं तर म्हणे मग आपल्या बेलासारखंच की! चार पानांचा क्लोव्हर क्वचित सापडतो म्हणून तो लकी, ती गोष्टच वेगळी.

आता रोपाबद्दल. नर्सरीवाल्याने सांगितलं की उन्हात ठेवा, रोज पाणी घाला, तेच ऐकून माझं नुकसान झालं, एप्रिलमध्ये पानं लोळली, मे लागेपर्यंत कुंडी रिकामी. रडूच आलं होतं. माती उकरली तर खाली खवल्याखवल्यांचे बोटाएवढे कंद, निम्मे सडलेले. मग पाणी पूर्ण बंद केलं, कुंडी माजघरात अंधारात सरकवली आणि पावसाळ्यात बाहेर काढली, आठ-दहा दिवसांत गुंडाळलेले जांभळे कोंब वर! आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते झोपतं, मरत नाही, हे विकतानाच सांगायला हवं होतं.

आता पूर्वेच्या खिडकीत आहे, सकाळचं कोवळं ऊन, बोट घालून माती कोरडी लागली तरच पाणी. दिवेलागणीला प्रत्येक पान छत्री मिटावी तसं खाली मिटतं आणि सकाळी परत उघडतं, मी चहा घेऊन रोज बघत बसते. फिकट गुलाबी फुलंही आली, यंदाच्या १७ मार्चला भाचीला तोच फोटो पाठवला.

पाटीसाठी एक स्टार कापला, रोपाला पूर्ण पाच. घ्या, पण मार्च-एप्रिलमध्ये नको, पहिला पाऊस पडू द्या.