काटकोन त्रिकोणाचे क्षेत्रफळ: ½ × पाया × उंची की हीरोचे सूत्र?

तिन्ही बाजू दिल्या की मुले गोंधळतात. ९, ४० आणि ४१ मीटर बाजूंचा भूखंड घेऊ.

आधी ९² + ४०² = ८१ + १६०० = १६८१ = ४१² हे ताडून पाहावे. काटकोन नक्की झाला की ½ × ९ × ४० = १८० चौ.मी., एका ओळीत. चूक होते ती एकाच जागी: कर्णालाच उंची धरले जाते. मग ½ × ९ × ४१ = १८४.५ येते. सर्वांत मोठी बाजू गुणाकारात घ्यायचीच नाही.

हीरोचे सूत्र फक्त तीन बाजूंवरून क्षेत्रफळ देते. त्यात अर्धपरिमिती (बाजूंच्या बेरजेची निम्मी) ४५. तिच्यातून एकेक बाजू वजा केली की ३६, ५, ४. या चारही संख्यांचा गुणाकार ३२४००, त्याचे वर्गमूळ १८०. उत्तर तेच, मेहनत तिप्पट. परिमितीची निम्मी करायला विसरले की सगळेच फसते. बाजू १, २, √५ असतील तर वर्गमुळात वर्गमूळ. उत्तर मात्र साधे १!

जमिनीवर टेपने मोजताना गणित पालटते. तिसरी बाजू ४२ भरली तर कोन काटकोन नाही. ½ × ९ × ४० अजूनही १८० सांगेल, हीरोचे सूत्र सुमारे १७८.८. फरक लहान दिसतो, पण कोन ९० अंशांपासून जितका दूर, तितका तो वाढतो.

परीक्षेत काटकोन दिलेला किंवा ताडलेला असेल तर पहिली रीत. दोनच बाजू असून त्यातली एक कर्ण असेल, तर पायथागोरसने तिसरी काढून तीच. कोनाची खात्री नसलेल्या मोजणीला हीरोचे सूत्र.