रिकामी व्हॅल्यू कशी तपासावी: नुसतं इफ, || की ??

जावास्क्रिप्टमध्ये एखादी व्हॅल्यू आलीय का हे पाहायला बहुतेक जण इफच्या कंसात व्हेरिएबलचं नाव टाकून मोकळे होतात. ऑब्जेक्ट मिळाला की नाही एवढंच पाहायचं असेल तर त्यात काही वावगं नाही. घोळ होतो आकड्यांशी. नल (मुद्दाम रिकामी ठेवलेली व्हॅल्यू), अनडिफाइन्ड (व्हॅल्यू दिलेलीच नाही) आणि नॅन (आकडा नसलेला निकाल) यांच्याबरोबर शून्य आणि रिकामी स्ट्रिंगसुद्धा फॉल्सी, म्हणजे इफच्या लेखी खोटी, धरली जाते.

समजा, डिलिव्हरी चार्ज दिलेला नसेल तर ४० रुपये लावायचे आहेत. तुम्ही लिहिलंत 'चार्ज || ४०', म्हणजे डावी बाजू फॉल्सी असली की उजवीकडची व्हॅल्यू घ्या. दुकानदाराने फुकट डिलिव्हरीसाठी मुद्दाम ० भरला, तरी गिऱ्हाइकाच्या बिलात ४० रुपये चढतात. एरर येत नाही, कन्सोलवर लाल ओळ दिसत नाही, आणि म्हणूनच ही चूक महिनोन्‌महिने टिकते. 'चार्ज ?? ४०' लिहिलं तर शून्य शाबूत राहतो, कारण ?? फक्त नल आणि अनडिफाइन्ड असतानाच उजवीकडची व्हॅल्यू घेतो. हा ऑपरेटर भाषेत २०२० साली आला. डिफॉल्टसाठी, म्हणजे काहीच न आल्यास लावायच्या व्हॅल्यूसाठी, माझं मत ठामपणे त्यालाच. एकाच ओळीत || बरोबर वापरायचा असेल तर कंस घाला, नाहीतर सिंटॅक्स एरर.

फंक्शनच्या पॅरामीटरला = लावून दिलेलं डिफॉल्ट मात्र फक्त अनडिफाइन्डला लागू होतं. सर्व्हरच्या जेसनमधून (सर्व्हर डेटा पाठवतो त्या मजकुरातून) नल आला तर तो तसाच आत शिरतो.

नुसती अट तपासायची असेल तर '== नल' पुरेसं आहे, नल आणि अनडिफाइन्ड दोन्ही एका फटक्यात सापडतात. अनेक टीममध्ये == ला सरसकट बंदी असते. कोडचे नियम तपासणाऱ्या ईएसलिंट या टूलमध्ये नलपुरती सूट देता येते, ती जरूर द्यावी. रिकामा अ‍ॅरे ट्रूथी, म्हणजे इफच्या लेखी खरा, असतो, त्याची लेंग्थच पाहा.

फॉर्मच्या रकान्यात मात्र ?? चा उपयोग नाही. टाइप नंबर असला तरी इनपुटची व्हॅल्यू स्ट्रिंगच येते. रिकाम्या रकान्यातून नल नव्हे, रिकामी स्ट्रिंग मिळते. ती नंबरमध्ये बदलली की शून्य होते, आणि मग गिऱ्हाइकाने ० लिहिला की काहीच लिहिलं नाही, हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून आधी ट्रिम करून (कडेच्या स्पेस काढून) रिकाम्या स्ट्रिंगशी === ने ताडून पाहा, नंतर नंबर करा, आणि शेवटी नॅन तपासा; ?? नॅनलाही पुढे जाऊ देतो.